सुताराची झोपडी

आमच्या शहरात पाहुणा आला की दुसऱ्या दिवशी वेरूळ ठरलेलं असतं. आणि जाणारा हटकून विचारतो, सरकारी सहलीच्या बसनं जावं, की आपलं आपण जाऊन तिथलाच एखादा माणूस धरावा? आमच्या इमारतीतले लोक हा प्रश्न मला विचारतात. मी बरीच वर्षं एकटी राहते, आणि एकट्या बाईला असल्या गोष्टींची माहिती असते असा लोकांचा समज आहे. मी दोन्हीकडचं बरं-वाईट सांगते. बिल्लेवाला गाईड शिकलेला असतो, काही चुकीचं सांगणार नाही. पण त्याला वेळेत सगळं उरकायचं असतं. फाटकापाशी उभा असलेला माणूस तुमच्या पायानं चालतो. पण तो सांगेल ते सगळंच खरं धरू नका. एवढं ऐकून लोक समाधानानं जातात. मी दोन्ही तऱ्हांनी जाऊन आलेय. कशी, ते कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. मी एका कचेरीत नोकरीला होते आणि सिडकोत दोन खोल्यांत राहत होते. लग्न झालेलं नव्हतं, आता होणार नाही हेही सगळ्यांनी मनाशी धरलेलं होतं. आई गेली त्या वर्षी आबा, म्हणजे माझे वडील, माझ्याकडे राहायला आले. आमचं गाव कन्नडच्या अलीकडे. शेत भाऊ बघत होता, भावजय चांगली होती, नातवंडं होती. तरी आबा एक दिवस पिशवीत दोन धोतरं आणि सदरे घेऊन माझ्या दारात उभे राहिले. मी काही विचारायच्या आत म्हणाले, "रानात करमत नाय आता."

इथं तरी त्यांना कुठं करमत होतं. मी सकाळी भाकरी-भाजी झाकून कचेरीत जायचे. ते गॅलरीत खुर्ची टाकून समोरच्या पाण्याच्या टाकीकडे बघत बसायचे. संध्याकाळी मी आले की उठून उभे राहायचे, जसं काही मीच पाहुणी आहे. जेवताना "मीठ हाय का?" "हाय." "उद्या सुट्टी?" "नाही." एवढं बोलणं व्हायचं. यात भांडण नव्हतं, राग नव्हता. लहानपणापासून मला आबांशी काही बोलायचं असलं की मी ते आईला सांगायची, आणि आई आबांना. त्यांचं उत्तरही त्याच वाटेनं परत यायचं. मला शहरात शिकायला पाठवायचं, तेसुद्धा असंच ठरलं होतं. आता ती वाटच बंद झाली होती. आम्ही दोघं दोन टोकांना उभे होतो.

खरं म्हणजे मला एकटं राहायची सवय होती. कित्येक वर्षं मी एकटीच जेवत होते, आणि त्यात काही कमी आहे असं वाटत नव्हतं. आबा आल्यावर ते कळायला लागलं. पलीकडच्या खोलीत माणूस आहे, जागं आहे, आणि आपल्याला त्याच्याशी बोलता येत नाही, हे एकटं असण्यापेक्षा जड असतं.

आईबद्दल तर ते चकार शब्द काढत नव्हते. मीही काढत नव्हते. तिचा फोटो मी आधी भिंतीवर लावला होता. आबांची नजर तिकडे जायची आणि लगेच खाली यायची. मग मी तो काढून कपाटात ठेवला. काढला हे त्यांनी बघितलं.

आणि मग एका संध्याकाळी भाकरी मोडता मोडता तेच म्हणाले, "वेरूळला जायचं का?"

मला वाटलं, देवदर्शनाला म्हणत असतील. म्हटलं, "घृष्णेश्वराला?"

"देव व्हईलच. पर लेणी बघू म्हणतो. जल्म गेला त्या रस्त्यानं येण्या-जाण्यात. एसटीतून बघायची, न्हाय तर देवाचं करून माघारी. नीट अशी बघितलीच नाय. कुणी सांगणारं असलं तर बरं व्हईल."

इतकं मोठं वाक्य ते कित्येक महिन्यांत बोलले नव्हते. मला इतका आनंद झाला की तो दिसू नये म्हणून मी आमटी आणायच्या निमित्तानं आत गेले.

दुसऱ्या दिवशी कचेरीत मी हा विषय काढला. शेजारच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या, "सरकारी बस घे. तू एकटी, बरोबर म्हातारं माणूस. बिल्ला लावलेला गाईड असतो, वेळेवर नेतात, वेळेवर आणतात. कुणाच्या तोंडाला लागायला नको." आमच्याच खात्यात एक खुलताबादचे गृहस्थ होते. त्यांनी मान हलवली. "बसमधे सगळं हिंदी-इंग्रजीत असतं, मॅडम. बाबांना काय कळणार? फाटकावर आमच्या गावचे चार-दोन जण उभे असतात. त्यांच्यातला एखादा धरा. निवांत फिरवतील. दमले तर बसवतील, पाणी देतील." बाई म्हणाल्या, "आणि मनाला येईल ते सांगतील." ते हसून म्हणाले, "ते तर सांगतीलच."

दोघांचंही बरोबर होतं. पण मी कायम ठरल्या भावाच्या दुकानात जाणारी. गुलमंडीच्या बाजारात आई दुकानदाराशी तास तास हुज्जत घालून लुगडं घ्यायची, ते घेताना त्याच्या पोराबाळांची चौकशी करायची. मी तिच्या मागे उभी राहून अवघडून जायची. अनोळखी माणसाशी असं बोलावं लागणं, तो काय म्हणेल, आपण काय म्हणावं, याचंच मला दडपण. मी सरकारी बसच्या दोन जागा घेतल्या.

निघायच्या दिवशी आबा माझ्याआधी उठून तयार होते. परीटघडीचं धोतर, टोपी, आणि हातात कापडी पिशवी. मी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली. बसमध्ये बहुतेक बाहेरगावची कुटुंबं होती. कुणी गुजरातेतलं, कुणी बंगालमधलं, एक नवं लग्न झालेलं जोडपं. आबांना मी खिडकी दिली. गाईड तरुण होता, नम्र होता, आणि त्याचा अभ्यास चांगला होता. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढं जे झालं त्यात त्याचा काही दोष नव्हता. तो एकदा हिंदीत सांगायचा, एकदा इंग्रजीत. आबा त्याच्या तोंडाकडे बघत राहायचे आणि थोड्या वेळानं खिडकीकडे वळायचे. मी हळूच मराठीत सांगायला लागले, तर पुढच्या बाकावरच्या बाईंनी मागं वळून बघितलं. मी गप्प झाले.

दौलताबादला आबा किल्ला चढले नाहीत. खाली झाडाखाली बसले. वेरूळला उतरलो तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. गाईडनं सगळ्यांना जवळ बोलावलं, परत किती वाजता जमायचं ते सांगितलं आणि थेट कैलास लेण्यात नेलं.

आत गेल्या गेल्या अंगणात तो मोठा दगडी हत्ती आहे, सोंड तुटलेला. आबा त्याच्यापाशी थांबले. आधी समोरून बघितलं, मग बाजूनं, मग मागं जाऊन त्याच्या पायांकडे बघत राहिले. आमची मंडळी पुढं गेली होती. गाईड दोनदा मागं आला. दुसऱ्यांदा म्हणाला, "बाबूजी, आगे और भी बहुत हाथी हैं." आवाजात चिडचिड नव्हती, पण बाकीचे लोक वर जिन्यापाशी उन्हात खोळंबले होते.

आबा मला म्हणाले, "तू जा तुझ्या लोकांसंगं. मी हितंच हाय."

"मी थांबते ना तुमच्याबरोबर."

"कशाला? जा तू. बघून ये."

हे असं आमचं नेहमीचं होतं. आबांना खरंच एकटं राहायचंय, की मला अडचण नको म्हणून ते तसं सांगतायत, हे मला कधी ओळखता आलं नाही. आईला यायचं. मी म्हटलं, "अर्ध्या तासात येते. इथून हलू नका," आणि गेले.

आम्ही वरच्या मजल्यावरच्या दालनात गेलो. तिथल्या ओसरीतून खालचं अंगण दिसतं. गाईड एका शिल्पाबद्दल सांगत होता. मी कठड्यापाशी सरकून खाली बघितलं. आबा हत्तीपाशी होते, पण एकटे नव्हते. भोवती दहा-बारा माणसं होती, आमच्याकडच्यासारखीच, टोपीवाली, धोतरवाली, दोन बाया डोक्यावर पदर घेतलेल्या. त्यांच्यामध्ये एक उंच, पांढऱ्या दाढीचे गृहस्थ हातातल्या काळ्या छत्रीनं हत्तीकडे दाखवून काही सांगत होते. मग त्यांनी आबांना काही विचारलं. आबांनी उत्तर दिलं. ते चांगलंच लांबलं, हातवारे करून. आणि ती सगळी माणसं हसली. छत्रीवाल्यांनी हसत हसत आबांच्या खांद्यावर हात ठेवला.

आबासुद्धा हसत होते. वरून मला त्यांचं तोंड नीट दिसत नव्हतं, पण टोपी मागं सरकवून डोकं खाजवायची त्यांची जुनी लकब मी ओळखली. आई असताना, कापूस चांगला आला की ते तसं करायचे.

माझ्या मागं गाईडनं शिल्पाचं सांगणं संपवलं आणि सगळे पुढच्या कोपऱ्यात गेले. मी काय ऐकलं ते मला आठवत नाही.

खाली आले तर हत्तीपाशी कुणी नव्हतं. मी भांबावले. फाटकातल्या पहारेकऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "टोपीवाले बाबा ना? छत्रीवाल्या मामूच्या माणसांसंगं गेले. तिकडं, झोपडीकडं."

दहाव्या लेण्याला आमच्या भागात सुताराची झोपडी म्हणतात. आतलं छत लाकडी वाशांसारखं कोरलेलं आहे, म्हणून. समोर बुद्धाची मोठी बसलेली मूर्ती आहे. तिचे दोन्ही हात छातीपाशी असे जुळलेले आहेत, की खेड्यातली माणसं म्हणतात, हा सुतार आहे, काम करताना बोटाला लागलं म्हणून बोट धरून बसलाय. बिल्लेवाला गाईड त्या मुद्रेचं खरं नाव सांगतो. मला ते ठाऊक आहे. पण आईनं मला लहानपणी बोटाचंच सांगितलं होतं.

मी अंगण ओलांडून ओसरीत आले आणि आतला आवाज ऐकून थांबले. त्या दालनात आवाज घुमतो. हळू बोललेलंही बाहेर जसंच्या तसं येतं. मी एका खांबाआड होते. आत अंधार होता, त्यामुळे मला फक्त माणसांचे आकार दिसत होते. आवाज मात्र ओळखीचा होता.

छत्रीवाले विचारत होते, "मग बाबा, घरची मंडळी नाही आणली?"

"ती गेली," आबा म्हणाले. "औंदाच गेली."

कुणीतरी जीभ टाळ्याला लावून हळहळलं. मग आबाच बोलायला लागले.

"हितंच घावली व्हती मला. ह्याच झोपडीत. पोलीस ॲक्शन झाली ना, निजाम गेला, त्याच्या फुडच्या शिवरात्रीला. त्याच्या आधी दोन सालं जत्रंला कुणी धड येत नव्हतं, भ्या वाटायचं. त्या साली समदा मुलूख लोटला. आमचं लगीन नवं. गाडी जुंपून आलो, घरची समदी. दर्शनाच्या गर्दीत ती हुकली. लहान व्हती. आमचं घर, आमची माणसं, तिला काय धड वळखू येत नव्हतं. माय म्हणली, जा, हुडक तिला. मी निघालो. पर हुडकू कसं? वरडू काय?"

"का? नाव घेऊन हाक मारायची," एक बाई म्हणाली.

"बायकोचं नाव कसं घ्यावं, माय? त्या वक्ताला? चार माणसांत? नाय घेता येत. मग मी आपलं गावाचं नाव घेऊन वरडत फिरलो. आमच्या गावची आणिक लई माणसं जत्रंत. ती म्हणायची, आरं, आम्ही हितं हाय, वरडतो कशाला?"

सगळे हसले. आबाही हसले असावेत, कारण त्यांचा पुढचा शब्द जरा थांबून आला.

"दिस कलला. डोंगराकडं आलो. म्हणलं, लेण्यात बघावं. हितं आलो तर ही त्या बाबाच्या पायाशी बसल्याली. गुडघ्यात मान. म्हणलं, हितं गं काय करती? तर म्हणली, मी एका बाईला इचारलं, प्यायला पाणी कुठं भेटंल? ती म्हणली, त्या तिकडं सुताराची झोपडी हाय. मला वाटलं, सुताराचं घर आसंल. घरात सुतारीण आसंल. पाणी दीन, तिच्यापाशी बसावं, कुणी न्यायला येईस्तवर. येऊन बघती तर हितं कुणीच ऱ्हात नाय."

ही गोष्ट मी कधीच ऐकली नव्हती. ना आईकडून, ना कुणाकडून. माझी आई, तेव्हा शाळकरी पोरीएवढी, सुतारणीला शोधत या अंधारात आली होती आणि दगडाच्या पायाशी बसून राहिली होती. मी जिथं उभी होते त्याच पायऱ्या चढून आली होती.

छत्रीवाल्यांनी विचारलं, "नाव काय होतं त्यांचं?"

आणि आबांनी आईचं नाव घेतलं.

त्यांच्या तोंडून ते नाव मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. घरात ते तिला "आगं", "ऐकलं का" असंच म्हणायचे. लग्नात उखाणा घेतला असेल तेवढाच. ते मोठ्यानं बोलले नव्हते, पण त्या छताखाली नाव घुमलं, वर गेलं, आणि जरा वेळानं विरलं. मी ओसरीतल्या पायरीवर बसले. आत जावं, आबांच्या शेजारी उभं राहावं, असं फार वाटलं. पण मी गेले असते तर ते गप्प झाले असते, हेही मला ठाऊक होतं.

थोड्या वेळानं ती मंडळी बाहेर आली. मला बघून आबा म्हणाले, "आलीस? ह्यांच्यासंगं फुडचं बघतो. लई चांगलं सांगतेत."

छत्रीवाले म्हणाले, "बेटी है क्या बाबा? बाई, तुम्ही फिकीर करू नका. मी स्वतः एसटीत बसवून देईन. खुलताबादचाच आहे मी, रोज इथंच असतो."

मीही बस सोडून त्यांच्याबरोबर जाऊ शकले असते. पण आबांनी "तू पण चल" असं म्हटलं नाही, आणि त्यांनी म्हटल्याशिवाय मला ते जमलं नसतं. मी परत माझ्या लोकांत गेले. मी गाईडला सांगितलं की आबा मागाहून येतील, तेव्हा त्यानं दोनदा खात्री करून घेतली, मगच बस हलवली. परतीच्या वाटेवर खिडकी माझ्याकडे आली. शहरात पाणचक्कीला बस थांबली, तेव्हा सगळे हौदातले मासे बघत होते. मी दशम्यांचा डबा उघडला आणि तसाच बंद केला.

आबा दिवेलागणीला घरी आले. चेहरा उन्हानं लाल झाला होता, पण थकलेले दिसत नव्हते. मी पाणी दिलं, ताट वाढलं आणि वाट बघत बसले. मला वाटलं होतं, आता ते सांगतील. इतक्या परक्या माणसांना सांगितलं, तर मला सांगायला काय हरकत आहे?

"काय काय बघितलं?" मी विचारलं.

"हेच. हत्ती. देव. लई मोठं काम हाय."

"सुताराची झोपडी बघितली?"

"व्हय. ती बी बघितली." आणि ते भाकरीकडे वळले.

मी ऐकलंय, हे मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कदाचित काही सुरू झालं असतं. कदाचित त्यांना ते आवडलंही नसतं. आजही मला ठरवता येत नाही.

त्यानंतर आबा दर सोमवारी वेरूळला जायला लागले. सकाळी कन्नडच्या एसटीनं जायचे, दुपार कलली की परत. मी समजले, घृष्णेश्वराला जातात. सोमवार महादेवाचा. भावालाही मी तेच सांगितलं. परतताना कधी सीताफळं आणायचे, कधी पेरू. हळूहळू त्यांची तब्येत सुधारल्यासारखी वाटली. घरात बोलणं मात्र वाढलं नाही. मी एकदा म्हटलं, "या सोमवारी मला सुट्टी आहे. मी येऊ का?" ते जरा गडबडले. म्हणाले, "ऊन लई असतंय. तू कशाला?" मग मी पुन्हा विचारलं नाही. त्या सोमवारी ते गेले, आणि मी दिवसभर घरातले पडदे धुतले.

पुढच्या थंडीत त्यांना दम लागायला लागला. डॉक्टर झाले, औषधं झाली. मग ते म्हणाले, "मला गावाकडं ने." भाऊ येऊन घेऊन गेला. पौष महिन्यात आबा गेले. मी पोचेपर्यंत बोलणं बंद झालं होतं.

मग किती तरी दिवसांनी, पावसाळा सरल्यावर, मी एका सोमवारी रजा टाकली आणि एसटीनं वेरूळला गेले. कशासाठी, हे मला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. फाटकापाशी बिल्लेवाले गाईड एका बाजूला उभे होते, बाकीचे दुसऱ्या बाजूला. मला काळी छत्री लगेच दिसली. दाढी आणखी पांढरी झाली होती. त्यांनी मला ओळखलं नाही. परभणीकडचं एक मोठं कुटुंब त्यांनी जमवलं होतं. मी विचारलं, "मी पण आले तर चालेल?" ते म्हणाले, "चला की बाई, एकानं काय होतं?" आयुष्यात पहिल्यांदाच मी असं कुठं काही न ठरवता, अनोळखी माणसांच्या मागून चालू लागले.

ते छान सांगत होते. थोडं खरं, थोडं पदरचं. हत्तीच्या सोंडेवरून त्यांनी लोकांना हसवलं. कुणी दमलं तर थांबत होते. मग आम्ही सुताराच्या झोपडीत आलो. सगळे आत येऊन उभे राहिल्यावर त्यांनी छत्री टेकली आणि आवाज खाली आणला.

"निजामाच्या वेळची गोष्ट आहे, मंडळी. एक किसान होता. नवी बायको घेऊन जत्रेला आला..."

तीच गोष्ट होती. गर्दी, हरवलेली मुलगी, गावाचं नाव घेऊन ओरडणारा नवरा, सुतारीण. पण पुढं ती वेगळी झाली. यांच्या गोष्टीत तो किसान तीन दिवस, तीन रात्री डोंगर हिंडतो. शेवटी लाज सोडतो आणि या दाराशी उभा राहून बायकोचं नाव घेऊन हाक मारतो. "आणि कशी मारली हाक?" असं म्हणून त्यांनी तोंडाशी हात धरून एक नाव पुकारलं. ते छतात घुमलं, लांबत गेलं. परभणीच्या बाया छताकडे बघत राहिल्या. एकीनं डोळ्याला पदर लावला.

ते नाव माझ्या आईचं नव्हतं. आमच्या भागात घरोघरी असतं असं कुठलं तरी होतं.

मंडळी पुढच्या लेण्याकडे निघाली तेव्हा मी मागं राहिले. "मामू," मी म्हटलं, "ही गोष्ट ज्यांची आहे ते माझे वडील."

त्यांनी माझ्याकडे निरखून बघितलं. "टोपीवाले बाबा? आप उनकी बेटी?" आणि लगेच, "कैसे हैं बाबा? बहोत दिन हो गए."

"गेले. पौषात."

ते तिथंच पायरीवर बसले. छत्री आडवी ठेवली. "मला वाटलंच होतं," ते हळूच म्हणाले. "सोमवार चुकवत नव्हते." जरा वेळानं माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुम्हाला राग आला असेल. माझी रोजीच गोष्टींची आहे, बाई. त्यांची गोष्ट मला विसरता आली नाही. एक दिवस सांगत होतो आणि बघतो तर बाबा मागं उभे. मी घाबरलो. सगळे गेल्यावर माफी मागायला गेलो. तर म्हणाले, 'सांग की. पर तिचं नाव नको घेऊस. उद्या कुणीबी येईल आन तिच्या नावानं वरडंल. दुसरं घाल.' म्हटलं, कुठलं घालू? म्हणाले, 'कुठलं बी.'"

"आणि हाक मारतो ते? ते तुमचं?"

"ते माझंच. मी विचारलं, हे चालेल का? हसले. म्हणाले, 'मारायला पायजे व्हती.' मग दर सोमवारी यायचे. आत नाही. तुम्ही त्या दिवशी बसला होता ना, तिथं ओसरीत बसून ऐकायचे. हाक झाली की उठून पाणी प्यायला जायचे."

म्हणजे त्या दिवशी सगळे आत असतानाच मी ओसरीत ऐकत बसलेली त्यांना दिसले होते. आबांनाही दिसले होते का, हे विचारायचं माझ्या ओठावर आलं. सोमवारी आबा माझ्याबद्दल कधी काही बोलले का, हेही. मी दोन्ही विचारलं नाही. उत्तर 'नाही' असतं, तर ते घेऊन मला त्या दोन खोल्यांत परत जावं लागलं असतं.

बाहेरून परभणीच्या मंडळींनी त्यांना हाक मारली. ते उठले, छत्री उचलली, आणि जाता जाता थबकून म्हणाले, "बाई, खरं नाव काय होतं त्यांचं? बाबांनी एकदाच घेतलं होतं. माझ्या ध्यानात नाही राहिलं. सांगता का? मी कुणाला सांगणार नाही."

मी त्यांच्याकडे बघितलं. ते मनापासून विचारत होते.

"राहू द्या, मामू," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. पुन्हा विचारलं नाही. पुढची लेणी मी बघितली नाहीत. रस्त्यावर येऊन थांबले. बराच वेळ बस आली नाही. मंडळींना मोकळं करून ते माझ्याजवळ येऊन उभे राहिले, एकट्या बाईला रस्त्यावर सोडून कसं जायचं म्हणून. गुडघा दुखतो म्हणाले. मुलगा पुण्याला असतो म्हणाले. कन्नडहून शहराकडे जाणारी एसटी आली, खचाखच भरलेली. मी चढले आणि दांडी धरून उभी राहिले. काचेतून बघितलं तर ते फाटकाकडे परत निघाले होते. तिथं नुकतीच एक मोटार येऊन थांबली होती, आणि आतली माणसं उतरून दोन्ही बाजूंच्या गाईडांकडे आळीपाळीनं बघत उभी होती.